एक सरकारी केळवण

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



तुमच्या खात्याच्या कुठल्याच रकान्यात न सापडणाऱ्या एका बाईविषयी हे पत्र आहे. वय वीस-एकवीस. गेल्या मोसमात लग्न झालं. अजून दिवस गेलेले नाहीत. अंगणवाडीच्या नोंदवहीत किशोरी असते, गरोदर असते, स्तनदा असते, सहा वर्षांच्या आतलं मूल असतं. ही त्यांतली कुणीच नाही. माहेरच्या गावात कधीकाळी किशोरी म्हणून तिचं नाव असलंच, तर ते केव्हाच कमी झालं. सासरच्या गावात नाव चढेल ते पाळी चुकल्यावर, आणि तेही तिने कुणाला सांगितल्यावर. पहिलटकरीण लवकर सांगत नाही. तिसरा महिना भरेपर्यंत बोलू नये, दृष्ट लागते, असं घरातल्यांनीच बजावलेलं असतं. या मधल्या काळात सरकारच्या लेखी तिला भूक नाही.

मी तालुक्याच्या गावी आहारसल्ल्याचं काम करते. गरोदर बायका माझ्यासमोर येऊन बसतात तेव्हा बहुतेकींना चौथा-पाचवा महिना असतो, हातात माता बाल संरक्षण कार्ड असतं आणि त्यावर रक्ताचा आकडा असतो: आठ, साडेआठ, फार तर नऊ. "ताई, रक्त वाढायला काय खाऊ?" या प्रश्नाचं उत्तर मला येतं. ते तिला वर्षभर आधी मिळायला हवं होतं, हे मात्र मी तिच्या तोंडावर सांगत नाही. सांगून ती काय करणार? म्हणून तुम्हाला सांगते आहे.

बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतो, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते. म्हणजे पाळी चुकून पंधरवडा उलटतो न उलटतो तोच हे काम आटोपलेलं असतं. ती नीट मिटली नाही तर मूल उघड्या कण्याचं जन्मतं, किंवा जगतच नाही. नळी मिटायला फोलेट लागतं; गोळीत ते फोलिक ॲसिड म्हणून मिळतं. १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांत केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आधीचं मूल या व्यंगाने गेलेल्या बायकांना पुढच्या गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक ॲसिड दिलं, तर तेच व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. 'आधीपासून' हाच या औषधाचा मुहूर्त आहे. आपल्याकडे बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवलं की ती 'लवकर नोंदणी' धरतात. बारा आठवडे! तोवर बाळाचं हृदय धडधडायला लागून बरेच दिवस झालेले असतात, हातापायांची बोटं सुटी झालेली असतात.

आपली रूढीही याच उशिराच्या घड्याळावर चालते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा, धनुष्यबाण हातात देऊन फोटो, पेढा निघतो की बर्फी याची उत्सुकता आणि पुढ्यात ताट भरून पंचपक्वान्नं. तोवर गर्भाशय इतकं वर आलेलं असतं की बिचारीला चार घास गेले तरी जळजळतं. सरकारने आदिवासी भागात अमृत आहार योजना आणली, तिचं मला मनापासून कौतुक आहे, कारण तिथे पाकीट न देता शिजवलेलं ताट दिलं. पण २०१५ च्या मूळ आखणीत तेही ताट गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मिळायचं होतं. सरकारनेही डोहाळजेवणच घातलं म्हणायचं.

गंमत अशी की आपल्याच रीतीत दुसरं एक जेवण आहे, ते अगदी वेळेवर येतं. लग्न ठरलं की मामा, मावशी, शेजारी, सगळे आळीपाळीने केळवणाला बोलावतात. पोटभर खाऊ घालतात, वर साडी-पोशाख करतात. पोरगी सासरी जाण्याआधीचं हे जेवण. मी तुमच्याकडे मागते आहे ते असं केळवण, सरकारी खर्चाने आणि दोन-चार दिवसांपेक्षा पुष्कळ जास्त दिवस चालणारं.

हे मी बाहेरच्या देशांच्या दाखल्यांवर मागत नाही. यातला बराचसा पुरावा तुमच्याच राज्यात जमा झाला आहे.

फोलेटची गोष्ट तर सरळ गिरणगावातून सुरू होते. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक जीवघेणा पंडुरोग गाठत होता; रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या आणि संख्येने थोड्या. परळच्या हाफकिन संस्थेत बसून तिने जंतूंचा संशय तपासून बाजूला ठेवला आणि बायकांची ताटं तपासली. ज्यांच्या जेवणात भाजी, फळ, दूध नावालाच, त्यांच्यात हा आजार जास्त. मग तिने यीस्टचा अर्क देऊन पाहिला. मार्माइट नावाचा तो स्वस्त, खारट, काळपट लेप इंग्रज लोक पावाला लावून खातात. बायका बऱ्या व्हायला लागल्या. १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने ते छापलं. त्या अर्कातलं ते अनामिक द्रव्य पुढे काही वर्षं विल्सच्याच नावाने ओळखलं जात होतं. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं आणि त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळालं. परळच्या बायकांच्या रक्ताने जगाला ही गोळी दिली. त्यांच्या पणतीला मात्र ती अजून मुहूर्त टळल्यावर मिळते.

दुसरा पुरावा पुण्याजवळच्या सहा खेड्यांतला. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लग्न झालेल्या बायकांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, दिवस जाण्याच्या आधीपासून. त्यांतल्या सुमारे ८०० जणींच्या गरोदरपणाचा अभ्यास झाला. त्यांचं गरोदर राहण्याआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्याही जरा खाली होतं. दिवसाला प्रथिनं ४५ ग्रॅमच्या आसपास, उष्मांक अठराशेलाही न पोचणारे. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं त्याच सुमारास साडेतीन किलोची होती. संशोधकांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट निराळीच होती. पुण्याची ही बाळं सगळीकडून लहान होती, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून बारीक, आतून स्थूल. अशा बाळांना मोठेपणी मधुमेह लवकर गाठतो. आज राज्यात ठिकठिकाणी मधुमेह तपासणीची शिबिरं लागतात. तो आजार काही अंशी आईच्या पोटात असतानाच ठरत आलेला असतो.

आईच्या ताटात नेमकं काय असलं की बाळ भरतं, तेही या अभ्यासात पाहिलं होतं. एकूण उष्मांक किंवा प्रथिनं यांच्याशी बाळाच्या वजनाचा ठळक मेळ बसला नाही. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खात-पीत होत्या, त्यांची बाळं मोठी होती. आगरकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी याच बायकांच्या कामाचाही हिशेब मांडला. शेतातलं काम, पाणी भरणं, धुणं, जळण आणणं हे जितकं जड, तितकं बाळ लहान. म्हणजे ताटात घातलेलं अर्धंअधिक तिकडे हंड्याखाली खर्ची पडतं. तुमच्या खात्याच्या कुठल्याही पत्रकात "तिला पाण्याच्या दोन खेपा कमी द्या" असं वाक्य मी वाचलेलं नाही. ते असायला हवं, आणि ते नवऱ्याला उद्देशून असायला हवं.

तिसरा पुरावा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून सहा वर्षं एक मोठा प्रयोग चालला. डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, साउदम्प्टनच्या संशोधकांना बरोबर घेऊन, साडेसहा हजारांच्या आसपास बायका निवडल्या. अजून गरोदर नसलेल्या, पण मूल हवं असलेल्या. त्यांच्यासाठी रोज ताजा खाऊ तयार व्हायचा. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळ आणि दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा असलं काहीतरी. बायका केंद्रावर यायच्या आणि खाऊ तिथेच, नोंद ठेवणाऱ्यांच्या समोर संपवायच्या. घरी न्यायचा नाही. घरी नेला की तो कुणाच्या तोंडी जातो ते आपल्याला माहीत आहे.

निकाल २०१४ मध्ये आला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा फरक नगण्य निघाला. पण दिवस जाण्याच्या निदान तीन महिने आधीपासून ज्या बायका हा खाऊ खात होत्या, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जड भरली. पुढे आणखी एक गोष्ट कळली: पालेभाजी-दुधाचा खाऊ खाणाऱ्यांत गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. एका वड्याएवढ्या खाऊने एवढं केलं.

याच प्रयोगाचा एक निष्कर्ष सभांमध्ये कुणी सांगत नाही. ज्या बायका मुळातच फार हडकुळ्या होत्या, त्यांच्या बाळांना या खाऊने वजन मिळालं नाही. धडधाकट बायकांच्या बाळांना जास्त मिळालं. चाळीस किलोच्या बाईचं शरीर आलेला घास आधी स्वतःच्या दुरुस्तीला वापरतं, असं मी त्यावरून समजते. तिला वडा पुरत नाही, जेवण लागतं. आणि जेवून अंगाला लागायला वेळ लागतो, तो वेळ नऊ महिन्यांत बसत नाही.

आता घरातल्या ताटाकडे येते, कारण योजना कितीही चांगली असली तरी तिची गाठ शेवटी तिथेच पडते.

नवी सून घरात सगळ्यांत शेवटी जेवते. आधी पुरुष, पोरं, मग म्हातारी माणसं, मग ती आणि सासू. कालवणाच्या पातेल्यात तोवर तळाचा रस्सा उरलेला असतो. डाळ आणि फोडी वरच्यावर गेलेल्या. पालेभाजी तर शिजून अशी आळते की जुडीची वाटीभर होते, आणि ती वाटी पंगतीच्या सुरुवातीलाच संपते. उरते भाकरी आणि चटणी. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी असली तरी मी म्हणते ठीक, त्यात काही आहे. पुष्कळदा ती नुसत्या लाल तिखटाची असते. दारात दोन म्हशी आहेत म्हणून आपण समजतो की दूध असेल. दूध डेअरीला जातं. घरात चहापुरतं राहतं. गावाला आलेला दुभत्या जनावरांचा कर्जपुरवठा आणि गावातल्या सुनेच्या पेल्यातलं दूध यांचा संबंध मला तरी अजून लागलेला नाही.

त्यात उपास. सगळ्यांत जास्त उपास नव्या सुनेला असतात हे तुम्हालाही ठाऊक असेल. श्रावणी सोमवार, हरतालिका, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र, वटपौर्णिमा. उपासाला साबुदाणा, म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचा कूट पडतो तेवढाच आधार. श्रद्धेशी माझं भांडण नाही. राजगिरा, दूध, केळ, खजूर, भिजवलेले शेंगदाणे हे उपासालाच चालतात, साबुदाण्याच्या जागी ते आले तर देव कोपेल असं मला वाटत नाही. पण हे सुनेला सांगून उपयोग नाही. स्वयंपाकाची सूत्रं तिच्याकडे नसतात. सासूबाईंना सांगावं लागतं, आणि त्यांना दोष देण्याच्या सुरात सांगितलं तर त्या पुन्हा येत नाहीत. त्यांनीही तीस वर्षं तळाचा रस्साच खाल्लेला असतो.

दिवस गेल्यावर मग नवी बंधनं सुरू होतात. पपई नको, केळं बाधतं, अंडं गरम पडतं, दही थंड. पिकलेल्या पपईचा दोष नाही. चीक असलेली कच्ची पपई टाळावी, एवढंच त्यात खरं आहे. दुसरं टोक म्हणजे "दोन जिवांचं खा". दोन जिवांचं म्हणजे दुप्पट नव्हे. दिवसाला साडेतीनशे उष्मांक जास्तीचे, म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर उसळ. आणि शेवटच्या दोन महिन्यांत पुष्कळ घरांत बाईला उलट कमी वाढतात किंवा ती स्वतःच हात आखडते, कारण पोर मोठं झालं तर अडेल, सिझर करावं लागेल. ही भीती खुळी म्हणून हसण्यासारखी नाही. जिथे दवाखाना चाळीस किलोमीटरवर आहे आणि रात्री गाडी मिळत नाही, तिथे ती हिशेबी भीती आहे. तुमच्या आहाराच्या भित्तिपत्रकाने ती जात नाही, रुग्णवाहिकेने जाते.

शहरातल्या सुखवस्तू घरांविषयी फार लिहीत नाही. तिथे गर्भसंस्काराच्या शिबिरांना गर्दी आहे, गोऱ्या बाळासाठी केशर-दूध आहे. केशराने बाळ गोरं होत नाही. दुधाचा फायदा होतो.

गोळ्यांचं सांगते. रक्ताच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. गरोदरपणात १८० दिवस रोज एक आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची. मूल होण्याच्या वयातल्या इतर बायकांनाही आठवड्याला एक गोळी द्यावी असं 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात २०१८ पासून लिहिलेलं आहे. नव्या सुनेपर्यंत ती साप्ताहिक गोळी पोचते का, हे तुम्ही आरोग्य खात्याला विचारा. माझ्यासमोर येणाऱ्या बायकांनी ती पाहिलेली नसते. गोळी आरोग्य खात्याची, जेवण तुमच्या खात्याचं, पोट मात्र एकच आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांचं रक्त कमी निघालं, आणि आधीच्या सर्वेक्षणापेक्षा हे प्रमाण वाढलं होतं. एवढ्या कोरड्या विहिरीत नऊ महिन्यांत पाणी कुठून भरणार?

ज्यांना गोळ्या मिळतात त्याही त्या घेतातच असं नाही. मळमळतं, शौचाला कडक होतं, काळं होतं. हे होणार, घाबरू नको, रात्री जेवणानंतर घे, असं कुणी सांगितलेलं नसतं. "गोळ्यांनी बाळ काळं होतं" ही अफवा मात्र प्रत्येक वस्तीवर पोचलेली असते. आणि ज्या नेमाने घेतात त्यांच्यातल्या कितीतरी जणी ती सकाळच्या चहाबरोबर घेतात. चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा, पेरू, चिंचेचं सार यांबरोबर लोह चांगलं लागतं. कॅल्शियमची पांढरी गोळी आणि ही लाल गोळी एका वेळी घ्यायची नाही. ही चार वाक्यं गोळ्यांच्या पाकिटावर चित्रांत छापायला किती खर्च येईल?

लाल गोळीत बी-१२ नाही. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं, आणि पुण्याच्या त्या सहा खेड्यांत जवळपास दोन-तृतीयांश बायकांत ते कमी आढळलं. २००८ मध्ये याज्ञिकांच्या गटाने दाखवलं की ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ तुटपुंजं होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला कमी दाद देत होतं. फोलिक ॲसिड बंद करा असा याचा अर्थ अजिबात नाही. जोडीचं जीवनसत्त्व विसरू नका, एवढाच आहे. २०१२ मध्ये याच खेड्यांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना लग्नाच्याही आधीपासून बी-१२ देण्याचा प्रयोग त्यांनी सुरू केला. मुलींबरोबर मुलांनाही. माझी मागणी एवढीच की या विषयातल्या जाणकारांना बोलावून गोळीत काय हवं ते एकदा ठरवा.

मिशेरीबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. दात घासायची म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून चार-पाच वेळा बोट तोंडात जातं. भूक मरते, हेच तिचं आकर्षण. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, तंबाखू-मिशेरी लावणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती. तिकडे पालेभाजी-दुधाच्या खाऊने, तोही वेळेत सुरू केला तर, ४८ ग्रॅम मिळाले होते. वजाबाकी तुम्हीच करा.

तर, केळवण. तुमच्याच खात्याची शुभमंगल योजना आहे. सामुदायिक आणि नोंदणीकृत विवाहांत वधूच्या मंगळसूत्राला आणि संसारोपयोगी वस्तूंना त्यातून अनुदान मिळतं. लग्न ही खात्याने दखल घ्यावी अशी घटना आहे, हे म्हणजे तुम्ही आधीच मान्य केलेलं आहे. खेड्यात विवाह नोंदणी ग्रामसेवकाकडे होते. त्याच दिवशी वधूचं नाव सासरच्या अंगणवाडीत चढावं. वजन, उंची, रक्त तपासावं. आणि दुसऱ्या दिवसापासून तिला अंगणवाडीत एक गरम ताट मिळावं. भाकरी, वाटीभर पालेभाजी, मोडाची उसळ, एक अंडं, ज्या घरात वारकऱ्यांची माळ आहे तिथल्या सुनेला अंड्याऐवजी दह्याची मोठी वाटी, मोसमी फळ. शिरा, सुकडी, उपम्याच्या कोरड्या पिठाची पाकिटं कृपा करून नकोत. ती चुलीपर्यंत पोचली तर घरभर वाटली जातात आणि नाही पोचली तर म्हशीच्या आंबोणात पडतात. हे मी गावोगाव पाहिलं आहे, तुमच्या अधिकाऱ्यांनीही पाहिलं असणार. ताट तिथेच बसून खायचं. जोडप्याने मूल हवं असं ठरवलं की आशाताईकडून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड सुरू.

अडचणी मला दिसतात. नवी सून अंगणवाडीत जायला लागली की गावाला वाटणार, गोड बातमी आहे. वर्ष गेलं आणि बातमी नाही, तर हेच ताट तिला टोचायला लागणार: "सरकारचं खाऊन काय केलंस?" म्हणून ताटाचा मुलाशी उघड संबंध जोडू नका. तिला तीन वर्षं मूल नको असेल तर तीन वर्षं ताट मिळावं. कधीच नको असेल तरी मिळावं. रक्त तिचं आहे, बाळाचं नंतर.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. २०१९ ते २१ च्या त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वर्षांच्या पाचातल्या एकीहून अधिक मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ती लग्नं ग्रामसेवकाकडे नोंदली जाणार नाहीत. ताट नोंदणीच्या कागदाला बांधलं, तर ज्या मुलीची स्वतःचीच वाढ अजून चालू आहे, जिला ते सगळ्यांत जास्त हवं आहे, तीच नेमकी बाहेर राहील. कायदा मोडणाऱ्यांवर कारवाई करा. पण तिची थाळी त्या कारवाईत जप्त करू नका. यादी आशाताईच्या जननक्षम जोडप्यांच्या नोंदवहीवरून करा, कागद मागू नका.

तिसरी, ऊसतोडीची. बीडकडच्या तांड्या-वस्त्यांवरून दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि कोयत्याला जोडी लागते म्हणूनही मुलींची लग्नं उरकली जातात. अशी सून पुढचे पाच-सहा महिने सातारा-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात पालात राहते, पहाटे चारला फडात असते, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकची फळी चढते. तिचं ताट गावच्या अंगणवाडीत निवत पडून उपयोग नाही. जिथे पाल, तिथल्या अंगणवाडीत तिला कुणी गाव न विचारता वाढलं पाहिजे, आणि साखर कारखान्यांनी त्याचा खर्च उचलावा असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आणि हे सगळं शिजवणार कोण? पुन्हा अंगणवाडीताई आणि मदतनीस. २०२३ च्या डिसेंबरात त्या संपावर गेल्या तेव्हा त्यांच्या मागण्यांत मानधन होतं, निवृत्तिवेतन होतं. नवं काम नवीन पैशाशिवाय त्यांच्या पदरात टाकलंत तर तेही एक रजिस्टर होऊन बसेल, ताटं त्यात रोज भरलेली आणि सुना घरी चटणी-भाकरीवर.

एका तालुक्यापासून सुरुवात करता येईल. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, आणि त्या दिवसांत हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, पेरू, बोरं, आवळे गावातच असतात. बाहेरून काही आणावं लागत नाही. आराखडा हवा असेल तर मी लिहून पाठवीन. बैठक बोलावणार असाल तर मला नंतर बोलवा, आधी दोन अंगणवाडीताई, दोन आशाताई आणि जमलं तर एक सासूबाई बोलवा, आणि बैठक दुपारी दोननंतर ठेवा. त्याआधी त्यांचा स्वयंपाक उरकत नाही.

कळावे,
आपली,
तालुक्याच्या गावातली एक आहारसल्लागार